सरकारी वेबसाइट तपासायची फुकट टूल्स: वर्षभर वापरून झालेलं माझं मत

मागच्या वर्षी माझ्या एका मित्राला एका सरकारी साइटवर अर्ज भरायचा होता, त्याला दिसत नाही, तो स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो आणि तीन दिवस तो त्या एकाच अर्जाशी झगडत होता. मी त्याला म्हटलं अरे साइट तर चांगली दिसतेय की, तर त्याने फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरला आणि मला ऐकवलं. रीडर एकेका रकान्यावर जाऊन नुसतं "एडिट, ब्लँक… एडिट, ब्लँक…" एवढंच म्हणत होता, म्हणजे इथे नाव टाकायचंय का जन्मतारीख का पिनकोड, कळायला काही मार्गच नाही. मला ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण मी स्वतः वेबचं काम करतो आणि ही चूक दुरुस्त करायला एका रकान्यामागे फार तर एक मिनिट लागतं.

तेव्हापासून मी सरकारी साइट्स तपासायला लागलो. तीन गोष्टी बघतो, सगळ्यांना वापरता येते का, सर्चमध्ये सापडते का, आणि सुरक्षित आहे का. यासाठी जी फुकट टूल्स वापरली त्यांच्याबद्दल लिहितोय, कारण बरेच जण एका टूलचा स्कोअर बघून साइट पास झाली म्हणतात आणि तिथेच सगळं फसतं.

पहिलं लाइटहाउस. क्रोममध्ये आधीपासून असतंच, एफ१२ दाबायचं, लाइटहाउसचा टॅब उघडायचा, एक बटण दाबलं की मिनिटभरात अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि एसईओ, म्हणजे सगळ्यांना वापरता येणं आणि सर्चमध्ये सापडणं, दोन्हीला शंभरपैकी मार्क. सुरुवात करायला यापेक्षा सोपं काही नाही, रिपोर्टही चांगला असतो, कुठल्या ओळीत काय चुकलंय ते दाखवतो. पण मी मित्राच्या त्याच साइटवर चालवलं तर अ‍ॅक्सेसिबिलिटीला ९४ मार्क! मी चक्रावलो. मग लक्षात आलं की मी होमपेज तपासलं होतं आणि अर्ज तर लॉगिनच्या आत आहे. लाइटहाउस एका वेळी एकच पान बघतं, तुम्ही जे उघडलंय तेवढंच. मित्राने लॉगिन करून दिलं आणि अर्जाच्या पानावर परत चालवलं तेव्हा तेच टूल एकदम ६१ वर आलं. म्हणून कुणी तुम्हाला साइटचा स्कोअर सांगितला तर पहिला प्रश्न हाच विचारा की कुठल्या पानाचा? लोक सरकारी साइटवर होमपेजवरचे फिरते फोटो बघायला येत नाहीत, अर्ज भरायला, पैसे भरायला, दाखला काढायला येतात, तीच पानं तपासा.

आणि शंभर मार्क पडले तरी साइट वापरता येईलच असं नाही हेही सांगतो. फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे रीडरने फोटोऐवजी वाचायचं वर्णन, आहे का एवढं टूलला कळतं, तो मजकूर बरोबर आहे का हे कळत नाही, त्यामुळे फोटोला "इमेज१.जेपीजी" असं नाव लिहिलेलं असलं तरी लाइटहाउस पुढे जातं. ब्रिटन सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने २०१७ मध्ये मुद्दाम एक अत्यंत वाईट पान बनवलं होतं, १४२ अडथळे घातलेलं, आणि त्यावर बाजारातली तपासणीची टूल्स चालवून बघितली, तर २९ टक्के अडथळे एकाही टूलला सापडले नाहीत. लाइटहाउस स्वतःसुद्धा रिपोर्टच्या खाली हाताने तपासायच्या गोष्टींची यादी देतं, पण ती बंद घडीत असते आणि कुणी उघडत नाही.

वेव्ह मला त्यापेक्षा आवडलं. अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या वेबएम या गटाचं आहे, खूप जुनं टूल, २००१ पासूनचं. याचा भर मार्कांवर नाही आणि मला तेच बरं वाटतं. पानावरच लाल पिवळी चिन्हं लावून दाखवतं की हा रकाना बिननावाचा आहे, इथे रंग फिका आहे, आणि ते "इमेज१.जेपीजी"वालं प्रकरण याला संशयास्पद म्हणून दिसतं. ब्राउझरचं एक्स्टेंशन घ्या, वेबसाइटवरचं नको, कारण एक्स्टेंशन लॉगिनच्या आतलं पानही तपासतं आणि सगळं तुमच्या ब्राउझरमध्येच होतं, पानावरची माहिती त्यांच्या सर्व्हरला जात नाही, सरकारी अर्जात स्वतःची माहिती भरलेली असताना हे महत्त्वाचं आहे. कॉन्ट्रास्टचा टॅब तर प्रत्येक डिझायनरला दाखवावा असा आहे. साध्या अक्षरांना पार्श्वभूमीशी निदान ४.५ला १ इतका फरक हवा, मोठ्या अक्षरांना ३ला १, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे सगळ्यांना वापरता येणाऱ्या वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा, नियम आहे, आणि सरकारी साइट्सवर करड्या पट्टीवर करडी अक्षरं इतक्यांदा दिसतात की चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही त्रास होईल. याच वेबएमने २०२४ मध्ये दहा लाख होमपेजेस तपासली होती, ९५.९ टक्के पानांवर चुका सापडल्या आणि सगळ्यात जास्त आढळणारी चूक फिक्या अक्षरांचीच.

एक तक्रार, पानावर चुका जास्त असल्या की चिन्हांच्या गर्दीत मूळ पानच दिसेनासं होतं.

आता माझ्या मते या सगळ्यात जे खरं टूल आहे ते, एनव्हीडीए. हे तपासणीचं टूल नाहीच, दिसत नसलेले लोक रोज वापरतात तो स्क्रीन रीडर आहे, विंडोजवर चालतो, पूर्ण फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने २००६ मध्ये सुरू केलेला, मग जेम्स टेह त्याच्यासोबत आला, दोघंही स्वतः दृष्टिहीन. पहिल्या दिवशी डोकं उठतं हे खरंय, तो सगळंच बोलतो, माऊस हलवला तरी बोलतो. पण चार कळा शिकलात तरी पुरे. एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, एफ दाबलं की अर्जाचा पुढचा रकाना, आणि इन्सर्ट एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी. ती यादी एकदा उघडून बघाच. एका साइटवर मला त्या यादीत ओळीने सतरा वेळा "इथे क्लिक करा" मिळालं. डोळ्यांनी बघणाऱ्याला शेजारचं वाक्य दिसतं म्हणून कळतं, यादीतून जाणाऱ्याने सतराही लिंका उघडून बघायच्या का?

अजून एक, जे मला मित्राने दाखवलं. पानाची भाषा कोडमध्ये चुकीची लिहिली असेल, म्हणजे मजकूर मराठी आणि वर भाषा इंग्रजी, तर रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि एक शब्द कळत नाही. दुरुस्ती दोन अक्षरांची आहे, दोन अक्षरांची!

स्क्रीन रीडर नाही जमला तर माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब कळ दाबत अर्ज शेवटपर्यंत भरून बघा. आपण कुठे आहोत हे दिसतंय का, तारखेच्या कॅलेंडरमधून बाहेर येता येतंय का, सबमिटपर्यंत पोचता येतंय का. मग पान ४०० टक्के मोठं करून बघा, अक्षरं एकमेकांवर चढली किंवा आडवं सरकवत वाचावं लागलं तर ती साइट नापास.

सर्चकडे येतो. इथे सगळ्यात चांगलं टूल गुगल सर्च कन्सोल आहे पण ते फक्त साइटच्या मालकाला दिसतं, त्यामुळे खात्यातला माणूस सोबत असेल तरच उपयोग. बाहेरच्या माणसाने सर्चमध्ये साइट हा शब्द इंग्रजीत, मग कोलन, मग पत्ता असं टाकायचं, त्या साइटची गुगलकडे असलेली पानं समोर येतात. मी हे केलं तेव्हा एका खात्याच्या बहुतेक सगळ्या पानांचं नाव "होम" एवढंच होतं, एका साइटची चार-पाचच पानं आली कारण चाचणीच्या वेळी लावलेली नोइंडेक्सची, म्हणजे हे पान सर्चमध्ये दाखवू नका असं सांगणारी, ओळ कुणी काढलीच नव्हती. आणि हवी ती माहिती, नियम, फॉर्म, मुदती, सगळं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. किंवा त्याहून वाईट म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये, जी डोळ्यांना सुंदर देवनागरी दिसते पण कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. सर्च इंजिनला ती खिचडीच दिसते आणि माझ्या मित्राच्या रीडरलाही तीच.

हे मला वर्षभरात हळूहळू कळलं की या तीन तपासण्या वेगळ्या नाहीतच. जे बटण नुसत्या माऊसच्या क्लिकवर चालतं, खरी लिंक नसतं, त्यावर टॅबने जाता येत नाही आणि गुगलचा क्रॉलरही, म्हणजे सर्चसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅमही, त्यातून पुढे जात नाही. आणि त्याच कोलनवाल्या सर्चमध्ये मला एका सरकारी पत्त्याखाली जुगाराच्या जाहिरातींची पानं सापडली होती, म्हणजे कुणीतरी साइटमध्ये घुसून ती टाकली होती, खात्याला पत्ताच नव्हता. मी त्यांना त्याच दिवशी कळवलं. सुरक्षेचं कुठलंही टूल न वापरता, फक्त सर्च करून सापडलं हे.

रोबोट्स फाइलबद्दलही, म्हणजे क्रॉलरने काय बघावं आणि काय नाही ते सांगणाऱ्या फाइलबद्दलही, सांगून ठेवतो. काही साइट्स त्यात "हे फोल्डर बघू नका" म्हणून गोपनीय फोल्डरांची नावं लिहितात. ही पद्धत १९९४ पासूनची आहे, क्रॉलरला केलेली विनंती आहे, ती कुलूप नव्हे, आणि फाइल सगळ्या जगाला उघडी असते, म्हणजे आपणच पत्ता छापून दिल्यासारखं.

सुरक्षेसाठी मी दोनच वापरतो. एसएसएल लॅब्स साइटचं सर्टिफिकेट (साइट खरीच त्या पत्त्याची आहे याचा मुदतीचा दाखला) आणि एन्क्रिप्शन तपासतं, दोन-तीन मिनिटं लागतात, निकाल जाहीर यादीत नको असेल तर सुरू करायच्या आधी तिथला चौकोन टिक करा. दुसरं मोझिलाचं ऑब्झर्व्हेटरी, ते साइटचे हेडर, म्हणजे पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना, बघतं आणि ए प्लस ते एफ अशी ग्रेड देतं. दोन्ही भरवशाची आहेत, पण ए प्लस म्हणजे साइट सुरक्षित असं समजू नका, आत जुनं सॉफ्टवेअर असेल, पासवर्ड साधा असेल, ते यांना बाहेरून कळत नाही. सर्टिफिकेटची तारीख मात्र जरूर बघा. अमेरिकेत २०१८ च्या शेवटी सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा ८० पेक्षा जास्त सरकारी सर्टिफिकेट्स नूतनीकरणाला माणूस नाही म्हणून संपली आणि काही साइट्स उघडेनाशा झाल्या.

आणि ज्याने मला हा विषय खरा समजला ती फेब्रुवारी २०१८ ची घटना. ब्राउझअलाउड नावाचं, पान वाचून दाखवणारं एक टूल बऱ्याच सरकारी साइट्सनी लावलं होतं, चांगल्या हेतूनेच. त्याच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी घुसून क्रिप्टो मायनिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आभासी चलन कमावायचा, कोड टाकला आणि एकाच दिवशी चार हजारांवर साइट्स भेट देणाऱ्यांचे कॉम्प्युटर राबवायला लागल्या, त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाची साइट होती, अमेरिकेच्या न्यायालयांची होती. बाहेरच्या स्क्रिप्टच्या ओळीत तिचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, लिहिला असता, ज्याला एसआरआय म्हणतात, तर बदललेली स्क्रिप्ट ब्राउझरने चालवलीच नसती. ऑब्झर्व्हेटरी हे तपासतं, त्या एका ओळीसाठी तरी ते चालवा.

उलटंही होतं, सुरक्षेच्या नावाखाली माणसाला बाहेर ठेवतात. आवाजाचा पर्याय नसलेला चित्रातला कॅप्चा, सूचना न देता संपणारं सेशन, पासवर्डच्या रकान्यात पेस्ट बंद. पेस्ट बंद केल्याने सुरक्षा वाढत नाही, अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात पेस्ट करू द्यावं असंच म्हटलंय, कारण त्यामुळे लोक पासवर्ड मॅनेजर वापरतात.

कृपा करून एक लक्षात ठेवा, ही सगळी टूल्स बाहेरून बघणारी आहेत. परवानगी नसताना सरकारी साइटच्या लॉगिनवर पासवर्ड टाकून बघणं, पत्त्यातले आकडे बदलून दुसऱ्याचा अर्ज उघडतोय का बघणं, हे करू नका, हेतू चांगला असला तरी गुन्हा होऊ शकतो. काही सापडलं तर साइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची फाइल आहे का बघा, २०२२ मध्ये तिचं स्वरूप ठरवून जाहीर झालंय, कुणाला कळवायचं ते त्यात असतं. मी बघितलेल्या बहुतेक साइट्सवर ती नव्हती.

मित्राच्या अर्जाबद्दल आम्ही दोघांनी मिळून त्या खात्याला मेल केला होता, स्कोअर पाठवले नाहीत, एनव्हीडीए काय बोलतो त्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं आणि रकान्यांना नावं लागली. परवा त्याने मला फोन करून ऐकवलं, "जन्मतारीख, एडिट, ब्लँक". कॅप्चा अजून तसाच आहे आणि सही अपलोड करायच्या बटणावर टॅबने जाता येत नाही, त्याचं रेकॉर्डिंग आज पाठवलंय.