पाटी आमची, पंप भलत्याचाच: जुना ट्रक बांधायला देणाऱ्यांसाठी

जुना ट्रक बांधायला, म्हणजे इंजिन खोलून नव्याने उभं करायला देताना माणूस सगळा जीव भाव ठरवण्यात घालतो. मिस्त्री एक लाख म्हणतो, आपण ऐंशी म्हणतो, नव्वदवर तुटतं आणि आपण खुशीत घरी येतो. पण जुन्या गाडीतला खरा पैसा बिलात नसतो. गाडीतून जे काढलं जातं आणि परत येत नाही, त्यात असतो. आमच्या बाबतीत हेच झालं. जळगाव-धुळे पट्ट्यात आजकाल बरेच जण शेतात उभे असलेले जुने ट्रक पुन्हा चालू करायला निघालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी १९६२ ची, टाटा मर्सिडीज ३१२. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर करार करून हे ट्रक काढले. तो करार १९६९ मध्ये संपला. तोवरच्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असायचा, नंतर टाटाचा टी आला. आमच्या गाडीवर तारा आहे, आणि तो पाहायला लहान पोरं येतात. आप्पांनी ही गाडी दुसऱ्या हाताची घेतली आणि सावदा-फैजपूरची केळी, नंतर कापसाच्या गाठी वाहून तिच्यावर घर उभं केलं. पुढे नव्या गाड्या आल्या आणि हिला शेतातल्या शेडमध्ये जागा मिळाली. धंदा करायचा नव्हता. पोळ्याला गावातून एक चक्कर मारता यावी, एवढीच आप्पांची इच्छा. बजेट लाखाच्या आत.

इंजिन सहा सिलेंडरचं, ९० मिलिमीटर बोअरचं, जवळपास ४.६ लिटरचं. त्यावर मिको कंपनीचा लाइन पंप, डिझेल मोजून सिलेंडरांत पाठवणारा. एका ओळीत सहा एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दांडा-बॅरलच्या जोड्या, प्रत्येक सिलेंडरला एक. या पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग काबूत ठेवणारा भाग, हवेवर चालतो. इनटेकच्या गळ्यातून एक नळी पंपाच्या मागच्या डबीत येते, डबीत चामड्याचा पडदा असतो, आणि इंजिनाने ओढलेल्या हवेच्या जोरावर तो पडदा डिझेल कमी करतो. पडद्यामागची स्प्रिंग मात्र कायम डिझेल वाढवायच्या बाजूने ढकलत असते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गाडी द्यायच्या आधी आम्ही गावातल्या एका म्हाताऱ्या पंपमिस्त्रीला आणून दाखवली होती. त्यांनी पंपाची बाजूची झाकणी काढली, एकेक एलिमेंट स्क्रू ड्रायव्हरने उचलून पाहिलं आणि म्हणाले, "पंप जिता शे भो. धुईसन कॅलिब्रेशन करी ल्या, नवा माल टाकू नका." म्हणजे पंप चांगला आहे, धुऊन फक्त सहाही एलिमेंटचं डिझेल सारखं करून घ्या. त्यांना आता डोळ्यांनी साथ नाही, म्हणून काम घेतलं नाही. त्यांनीच सांगितलं की टाकी आतून गंजली असेल, ती आधी साफ करा.

मग गाडी टोचन करून हायवेवरच्या एका गॅरेजात नेली. नाव लिहीत नाही, प्रकरण तक्रारीत आहे. मालक बोलायला गोड. चहा, पाणी, आप्पांच्या पाया पडणं. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आप्पा, एवढ्या जुन्या इंजिनात पैसे घालू नका. ६९७ टाकून देतो, रॉकेटसारखी पळेल." ६९७ म्हणजे टाटाचं नंतरचं इंजिन. आम्ही नाही म्हटलं. एक तर तारा पुढे आणि आत भलतंच इंजिन, याला काय अर्थ? दुसरं, आरसीवर इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते. आता वाटतं, आमचं जुनं इंजिन त्याच्या हाती लागलं असतं तर त्याचं कामच झालं असतं.

मग त्याने यादी दिली. क्रँक ग्राइंडिंग, ०.२५ मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग सेट (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारा), रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, पंप ओव्हरहॉल सहा नव्या एलिमेंटसह, सहा नोझल, गव्हर्नरचा पडदा, सहा हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना तापवणारे), टाकी सफाई. एकूण ९२ हजार. मी ती यादी व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घेतली आणि त्याने पाठवलीही. एलिमेंट चांगली आहेत असं आम्ही सांगितलं, तर म्हणाला, "बेंचवर टाकली, सहाच्या सहा गेलेली आहेत." बेंचवर आम्हाला बोलावलं नव्हतं.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा थाट बघण्यासारखा होता. टाकीला चांदीरंग, इंजिनाला हिरवा रंग, पंप काळा कुळकुळीत. सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू. ऑइल प्रेशरचा काटा वर जाऊन चिकटून बसलेला. धूर जवळजवळ नाही. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. पैसे दिले. जुने पार्ट मागितले तर एका गोणीत गंजलेल्या रिंगा, दोन व्हॉल्व्ह आणि फाटकी गॅसकिटं भरून दिली. एलिमेंट कुठंय विचारलं, तर "भंगारात गेली, किलोवर विकतो आम्ही."

परत येताना चाचा चालवत होते, आमचे जुने ड्रायव्हर. पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. इंजिन तापलं होतं आणि प्रेशर उतरत चाललं होतं. चहाला थांबलो, गाडी न्यूट्रलमध्ये घुरघुरत उभी, आणि अचानक इंजिन सुटलं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही आणि आवाज चढतच चाललेला. टपरीवरचे लोक उठून पळाले. चाचांनी स्टॉपचा नॉब ओढला तर वायरच हातात आली, टोकाचा स्क्रू आवळलाच नव्हता. तरी गडी घाबरला नाही. क्लच दाबून टॉपचा गिअर टाकला, ब्रेकवर उभे राहिले आणि क्लच सोडला. ट्रक थरथरला, एक हिसका बसला आणि बंद पडला. असं कुणाचं इंजिन सुटलं तर एअर क्लीनर काढून इनटेकचं तोंड फळकुटाने किंवा जाड पुस्तकाने बंद करायचं. हात लावायचा नाही आणि कपडाही नाही, तो आत ओढला जातो.

गाडी टोचन करूनच घरी आली. त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना पुन्हा आणलं, सोबत त्यांचा भाचा. आम्ही शेडमध्ये ताडपत्री अंथरली आणि प्रत्येक गोष्ट उघडताना मोबाइलवर व्हिडिओ केला.

पहिल्यांदा गव्हर्नरची डबी. आत चामड्याचा पडदा जुनाच, मधोमध फाटलेला, आणि फाटल्या जागी सायकलच्या ट्यूबची गोल चकती सोल्युशनने चिकटवलेली. पंक्चरवाल्याने काढावं तसं ठिगळ! डिझेल आणि उष्णतेने सोल्युशन सुटलं, पडदा हवा धरेना, स्प्रिंगने डिझेल पूर्ण उघडलं आणि इंजिन सुटलं. चारशे-पाचशे रुपयांच्या चामड्यासाठी माणसाने आमच्या जिवाशी खेळ केला.

मग पंप. पंपावर नाव-नंबराची पितळी पाटी असते. तिचा फोटो मी आधी काढून ठेवला होता, नंबर तंतोतंत जुळला. मला वाटलं निदान पंप तरी आपला आहे. आप्पा खुर्चीवर बसून होते, ते म्हणाले, "पाटीखाली बोट फिरव." पूर्वी लांबच्या भाड्याला जाताना गाडी बाहेरच्या गॅरेजात अडकली की पंप बदलले जायचे, म्हणून जुने मालक आपल्या पंपावर खूण करत. आप्पांनी पाटीच्या डाव्या कोपऱ्याखाली सेंटर पंचने तीन ठिपके मारले होते. मी रॉकेलच्या चिंधीने काळा रंग पुसला. ठिपके नव्हते. मग पाटीचे रिव्हेट पाहिले. चारही नवे कोरे, अ‍ॅल्युमिनियमचे. एकाच्या बाजूला ड्रिल घसरल्याचा ओरखडा. आमची पाटी काढून दुसऱ्याच पंपावर ठोकली होती.

हा पंप आतून पार झिजलेला. एलिमेंटचा दांडा आणि तिचं बॅरल यांच्यातलं अंतर दोन-चार मायक्रॉनचं असतं. ती जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून बसवतात, एकीचा दांडा दुसऱ्या बॅरलमध्ये चालत नाही. इथे दोन जोड्यांवर उभे ओरखडे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. झिजलेल्या एलिमेंटमधून डिझेल खाली गळून पंपाच्या पोटातलं तेल पातळ झालेलं. मिस्त्रींनी ते बोटावर घेऊन वास घेतला आणि काही न बोलता बोट माझ्या नाकाशी धरलं. निव्वळ डिझेल.

मग इंजिनाखालचं तेलाचं चेंबर सोडलं. प्रेशर का पडलं ते तेलातच कळलं. काळं, चिकट, आणि गंधकासारखा उग्र वास. इंजिन ऑइलमध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल मिसळलं होतं. जाड तेल थंड असेपर्यंत ढिल्या बेअरिंगमध्येही प्रेशर दाखवतं, धूरही दाबतं. तापून पातळ झालं की सोंग उतरतं. कनेक्टिंग रॉडची एक कॅप काढली. बेअरिंगच्या पाठीवर साइज कोरलेली असते, ०.२५ हवी होती. तिथे 'एसटीडी' म्हणजे स्टँडर्ड. आणि बेअरिंग व कॅपच्या मध्ये पातळ पत्र्याची पट्टी, कसल्यातरी डब्याच्या झाकणातून कापलेली, तिच्यावर निळ्या छपाईचा तुकडा अजून होता. क्रँक ग्राइंडरवर गेलाच नव्हता. ढिलं बेअरिंग पत्र्याने वर उचललं होतं.

बाकीचं पटकन सांगतो. हीटर प्लग सहाही जुने. या गाडीत ते एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक जळला की सगळे बंद. जळलेल्या प्लगला वायरचा तुकडा लावून वळसा दिला होता. टाकी बाहेरून चांदीची, आतून गंजाचे पापुद्रे. फिल्टरच्या भांड्यात लाल गाळ. हा गाळ पुढे गेला असता तर नवी एलिमेंटही महिनाभरात गेली असती. रिंगा मात्र खरंच नव्या होत्या, खोटं कशाला बोलू.

आमचा पंप का काढला, त्याचा हिशोब असा. भंगाराच्या भावाने एलिमेंट, पंपाचं घर, जुनी मूळ जर्मन खुणेची नोझल काहीच किमतीची नाहीत. पण ज्याच्या शेडमध्ये अशीच ३१२ उभी आहे त्याला तो पंप नवा कुठेच मिळणार नाही, म्हणून तो सांगाल ती किंमत देतो. एका गिऱ्हाइकाचा चांगला पंप दुसऱ्याला विकायचा, दुसऱ्याचा मेलेला पंप पहिल्याला बसवायचा, आणि दोघांकडून ओव्हरहॉलचे पैसे घ्यायचे. आमच्यानंतर चाळीसगावकडच्या एकाने याच गॅरेजबद्दल असंच सांगितलं.

गॅरेजवाल्याला फोन केला तर आधी "तुमच्या ड्रायव्हरने गाडी ओढली" म्हणाला. व्हिडिओ पाठवले तर "पोरांनी केलं असेल, मी बघितलं नाही." मग आप्पांना वेगळा फोन करून रडला. आप्पा विरघळायला आले होते, चाचांनी फोन घेतला आणि ठेवून दिला. वकिलाची नोटीस गेल्यावर ३० हजार परत आले. पंप नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी, ऑनलाइन दिलेले पैसे आणि व्हिडिओ आहेत. वकील म्हणाले, यादीत "इंजिन काम, लमसम" एवढंच असतं तर तुमचा अर्धा दावा तिथेच बसला असता. तेव्हा प्रत्येक पार्ट, प्रत्येक साइज लिहून मागा, आणि 'जुने पार्ट परत' ही ओळ त्यातच घाला.

आता काम मिस्त्रींच्या भाच्याकडे आहे आणि आमच्या डोळ्यांसमोर चाललंय. क्रँक लेथवर आम्ही स्वतः नेला, मायक्रोमीटरचं माप वहीत लिहून घेतलं. कॅप बसण्याआधी बेअरिंगची पाठ पाहिली. पंपाच्या बेंचला उभे राहिलो. सहा नळकांड्यांत डिझेल सारखं पडतंय का, हे बघायला मिस्त्री असावं लागत नाही, डोळे पुरतात. नोझल हातटेस्टरवर मारून बघितले, टपकणारे बाजूला काढले. तेल आमचं आम्ही आणलं, साधं ४० नंबरचं. आणि प्रेशर बघायचं ते अर्धा-पाऊण तास गाडी चालवून, तापलेल्या इंजिनावर, हलक्या चालीत. थंड इंजिनाचा काटा बघून पैसे मोजू नका. पंप सध्या नंदुरबारकडच्या एका शेतकऱ्याच्या जुन्या इंजिनाचा मिळाला आहे, थोडा महाग पडला.

आमचा पंप कुठेतरी चालू असणारच. धुळे, मालेगाव, सेंधवा, शिरपूर, कुठेही जुन्या पार्टच्या दुकानात किंवा दुसऱ्याच्या ३१२ वर सहा सिलेंडरचा मिकोचा पंप दिसला, तर पाटीच्या जागेच्या डाव्या कोपऱ्याखालचा रंग जरा खरवडून बघा. तीन ठिपके असतील, तिरप्या ओळीत, मधला थोडा खोल. ज्याने विकत घेतला त्याच्याशी आमचं भांडण नाही, त्याने दिलेले पैसे आम्ही देऊ. फक्त तो कोणाकडून घेतला एवढं लिहून द्यावं.