गोधडी: हाताने की मशीनवर?

दोन्ही करून झाल्यात म्हणून सांगते. हाताच्या गोधडीला धावदोरा, कडेने सुरू करून गोल गोल आत यायचं, आई तशीच शिवते, रोज दुपारी तासभर बसली तरी महिना सहज जातो. पण ती धुतली की जी मऊ पडते ना, ती मशीनवाली पडत नाही, कारण मशीनचा टाका बारीक आणि गच्च, कापड जरा ताठच राहतं.

मशीनवर मात्र दोन दिवसांत काम खलास. फक्त उलटं, मधून सुरू करून बाहेर जायचं. मी पहिल्यांदा कडेने गेले आणि मध्ये साडीचा असा फुगा आला की सगळं उसवलं 😭 आता वितीवितीवर सेफ्टी पिना लावते, 16 नंबरची सुई, टाका 3-4 मिमी, आणि वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्यासोबत ओढणारा मशीनचा पाय) घेतलाच, त्याने वरचा थर पुढे सरकत नाही. गोधडीची गुंडाळी मशीनच्या पोटात, म्हणजे सुईच्या उजवीकडच्या जागेत, मावत नाही हा खरा वैताग, त्यामुळे डबल बेडची मशीनवर नकोच, चार-पाच थरांच्या वर तर अजिबात नको.

बाळाची दुपटी हातानेच. रोज धुवायच्या, पोरांनी लोळायच्या त्या मशीनवर.