वर्षश्राद्धाची १२० सँडविच : मडगावच्या रविवारच्या गटाचा माझा अनुभव

आमचे हे गोव्याच्या कदंब बस महामंडळात वाहक होते. पहाटेच्या पाळीला मडगावच्या बसस्थानकावर बाकांवर निजलेली माणसं त्यांना रोज दिसायची. मी दिलेल्या डब्यातली निम्मी भाजी-चपाती तिथंच कुणाच्या तरी हातात जायची आणि दुपारी घरी येऊन हे म्हणायचे, आधी वाढ, मग बोलू. त्यांच्या वर्षश्राद्धाचं भटजींचं, पानाचं सगळं घरी रीतीप्रमाणे झालं. त्यानंतरच्या रविवारी बेघर माणसांना सँडविच द्यायची, असं मुलाशी बोलून ठरवलं.

रविवारी सँडविच वाटणारा हा गट म्हणजे शेजारपाजारची माणसं. नाव नाही, फलक नाही. फोन केला तर पैशांच्या आधी प्रश्न आला, ‘काकी, तुम्ही स्वतः येणार ना?’ माणशी २५ रुपये धरले, १२० जणांचे ३,००० झाले. पावाचं, बटाट्याचं बिल त्यांनी संध्याकाळीच मोबाईलवर पाठवलं. न मागता.

सकाळी साडेसहाला फातोर्ड्यातल्या एका घराच्या पडवीत पोचलो. मी ३१ वर्षं परिचारिका होते, त्यामुळे नजर आधी हातांवर गेली. कॉलेजातल्या एका मुलाच्या बोटाला पट्टी होती. गट सांभाळणाऱ्या मुलीने त्याला शांतपणे पिशव्या मोजायच्या कामाला लावलं, पावाला हात लावू दिला नाही. मला तिथंच हायसं वाटलं. जखमेतले काही जंतू अन्नात असं विष सोडतात, की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. हे घरोघरी माहीत असायला हवं.

सारण साधंच, पण विचार करून ठरवलेलं. उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, कोथिंबीर, भरपूर लिंबू आणि शेंगदाण्याची बारीक कुटलेली कोरडी चटणी. अंड्याचं मेयोनीज नाही, काकडी-टोमॅटो नाही, कारण पाणी सुटतं. ओलं खोबरंही नाही. आपल्याला खोबऱ्यावाचून घास उतरत नाही हे खरं, पण गोव्याच्या उकाड्यात ओल्या खोबऱ्याची चटणी बघता बघता आंबते. लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत लावायचं, म्हणजे सारण पावात मुरत नाही. ‘मधे ठिपका नको, कडेला न्या,’ असं एक बाई प्रत्येकाला सांगत होत्या. मलाही सांगितलं.

मला सगळ्यात आवडलं ते पावाचं. पाव दोन तऱ्हेचा असतो. पोदेराकडून, म्हणजे गोव्याच्या पाववाल्याकडून, आणलेली पोई बहुतेकांसाठी. कोंडा लावलेली, आतून खिशासारखी पोकळ, त्यामुळे सारण सांडत नाही आणि पोट भरतं. पण ज्यांना दात नाहीत त्यांना ती चावत नाही. त्यांच्यासाठी मऊ स्लाइस ब्रेड, कडा कापून, आणि पुडीला लाल दोरा. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे दात किती लवकर जातात ते मी वॉर्डात पाहिलंय. ते लक्षात ठेवून पाव निवडणारं मला इथंच भेटलं.

बसस्थानक झालं, मग गांधी मार्केटकडे गेलो. बंद शटरखाली एक म्हातारे बसले होते. त्या मुलीने खाली उकिडवं बसून विचारलं, ‘आज्जा, घट जाय की मोव?’ म्हणजे कडक हवा की मऊ? ‘मोव दी गो,’ म्हणाले. त्यांनी उशाच्या गाठोड्यातून धुतलेला, चौघडी रुमाल काढला, मांडीवर पसरला, सँडविच त्यावर ठेवलं. चहात बुडवून अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं रुमालात गुंडाळायला लागले. संध्याकाळसाठी. मी म्हटलं, आज्जा, बटाट्याचं ठेवू नका, बिघडेल. तेवढ्यात पट्टीवाल्या मुलाने पिशवीतून चार कोरड्या स्लाइसची पुडी आणि दोन केळी काढून त्यांच्याजवळ ठेवली. मग त्यांनी ते अर्धंही खाऊन टाकलं. राखून ठेवणारी माणसं असतात हे गटाला ठाऊक आहे, म्हणून कोरडा पाव दर वेळी वेगळा घेतात.

पूर्वी मी दुसऱ्या एका गटाबरोबर गेले होते. तिथं पुडी हातात देऊन फोटोसाठी थांबवायचे. एका माणसाने पदरासारखा टॉवेल तोंडावर ओढला, तरी फोटो काढलाच. मी परत गेले नाही. इथं फोटो काढत नाहीत.

उणं काय, तेही सांगते. रेल्वे स्थानकाजवळ पोचायला दहा वाजून गेले. सातला भरलेल्या पुड्या गाडीच्या बंद डिकीत तीन तास. उकाड्यात असं अन्न दोन तासांच्या आत पोटात जायला हवं. मी स्पष्ट बोलले. त्या मुलीने वहीत लिहून घेतलं. महिन्याने पुन्हा गेले तेव्हा दोन गाड्या होत्या, बर्फाची पेटी होती आणि स्थानकाकडच्या पुड्या शेवटी भरत होते. लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण मात्र ते घेत नाहीत. त्यासाठी २०१९ चे केंद्राचे वेगळे नियम आहेत, नोंदणी लागते. नाही म्हणतात ते बरोबरच आहे.

पाण्याची सोय अजून नाही. पोई कोरडी, घशाला लागते आणि चहा सगळ्यांना पुरत नाही. शिवाय सणाला तीन-तीन गट येतात आणि सोमवारी कुणी नसतं. एक रविवार सोडून सोमवार धरा, असं मी सुचवलंय.

गटाला माझे पाचपैकी चार गुण. डिसेंबरातला एक रविवार माझ्या नणंदेने धरला आहे. तिला सांगितलंय, पैसे दे आणि येताना पाण्याचे दोन मोठे कॅन घेऊन ये, पेले मी आणते.