दिवाळे गावची खानावळ की वाशीचं एसी?

पुण्याहून सासू-सासरे येताहेत, मासे खायला कुठे नेऊ, असं मावसबहिणीनं विचारलं. नवी मुंबईत बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याकडची आगरी-कोळी खानावळ, की वाशीतलं एसी रेस्टॉरंट?

खर्चाचं म्हणाल तर खानावळीच्या थाळीत हिशेब आधीच कळतो. रेस्टॉरंटात पापलेटपुढे 'आकारानुसार' लिहिलेलं असतं. ऑर्डरआधी दर विचाराच.

ताजेपणाचं गणित वेगळं. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे सुरमई बहुधा बर्फातली, दोन्हीकडे. तेव्हा खाडीची चिंबोरी (खेकडा), बोय मासा, नशीब असेल तर जिताडा मासा मागवावा, आणि तो खानावळीतच शोधावा. तिथला रस्सा मात्र झणझणीत!

पार्किंग, बैठक? रेस्टॉरंट सरस.

गुडघे दुखणारी, तिखट न सोसणारी मंडळी असतील तर वाशी. चिंबोरीचे डेंगे (नांग्या) दातानं फोडणाऱ्यांनी दिवाळे गाव गाठावं, तेही दुपारी लवकर.