पल्स जनरेटर रिमोटवरून चालवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

समोरच्या पॅनलवरून वापरलं, तर या पल्स जनरेटरबद्दल (ठरावीक रुंदीचे विद्युत पल्स पुन्हापुन्हा देणारं यंत्र) माझी काही तक्रार नाही. पल्सच्या कडा (चढण्या-उतरण्याचे भाग) स्वच्छ येतात, मेनू सरळ आहे. पण माझं बहुतेक काम लॅनवरून, पायथन स्क्रिप्टने चालतं, आणि तिथे याच्याशी जमवून घ्यायला वेळ लागला.

सगळा त्रास एकाच एररचा: -२२१, सेटिंग्ज कॉन्फ्लिक्ट. पल्सची रुंदी (तो किती वेळ टिकतो) पीरियडमध्ये (एका पल्सच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) मावत नसेल तर हा एरर येतो, इतकं मॅन्युअल सांगतं. खरी गोम कमांडच्या क्रमात आहे. समजा पीरियड १० मायक्रोसेकंद आणि रुंदी ८ आहे, आणि मला ५ आणि २ हवेत. आधी पीरियड पाठवला की जुनी ८ ची रुंदी मावत नाही. यंत्र ती स्वतःच छाटतं आणि एरर नोंदवतं. मागून २ ची कमांड येते, शेवटी सगळं बरोबर बसतं, फक्त यंत्रातल्या एररच्या रांगेत एक फुकटचा एरर पडून राहतो.

आता उलटं करा. ५ आणि २ वरून १० आणि ८ वर जायचंय, आणि रुंदी आधी पाठवली. ती ५ च्या आत छाटली जाते, मग पीरियड १० होतो, पण रुंदी छाटलेलीच राहते. एररचा नंबर तोच. एकदा निरुपद्रवी, एकदा अख्खं मोजमाप वाया घालवणारा! त्यामुळे '-२२१ आला तर दुर्लक्ष करा' हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

आता स्क्रिप्ट आधी आउटपुट बंद करते, रुंदी आणि डिले (पल्स किती उशिरा सुरू करायचा तो वेळ) अगदी कमी करते, मग पीरियड, शेवटी खरी रुंदी आणि डिले. त्यानंतर मूल्यं परत वाचून ताडून पाहते आणि मगच आउटपुट चालू करते. एररची रांग '०' (म्हणजे एरर नाही) येईपर्यंत रिकामी करायची. एकदाच विचारलं तर सगळ्यात जुना एररच हाती लागतो.

कडांचा वेळही हिशेबात धरावा लागतो. तो पल्सच्या उंचीच्या १० ते ९० टक्क्यांमधला असतो, म्हणजे सरळ कडेला पूर्ण चढायला किंवा उतरायला त्याच्या सव्वापट वेळ लागतो. रुंदी उंचीच्या ५० टक्क्यांवर मोजतात, म्हणून दोन्ही कडा सारख्या असल्या तर रुंदी कडेच्या वेळेच्या किमान सव्वापट हवीच. प्रत्यक्षात हे यंत्र त्याहून जास्त मागतं. ड्यूटी सायकल (रुंदी पीरियडच्या किती टक्के आहे ते) धरून ठेवायचा पर्याय चालू राहिला, तर पीरियडबरोबर रुंदीही सरकते. तो मी सुरुवातीलाच बंद करतो.

कमांडमध्ये ठरावीक स्लीप घालण्यापेक्षा 'स्टार ओपीसी?' (*OPC?, म्हणजे आधीच्या कमांड पूर्ण झाल्या का) विचारून उत्तराची वाट पाहणं बरं. पल्सची अचूक वेळ साधायची असेल तर ट्रिगर (पल्स सोडायचा इशारा) मागच्या बीएनसीवरून (केबल जोडायच्या गोल कनेक्टरवरून) द्या. लॅनवरून दिलेला ट्रिगर कधी पोहोचेल, याचा नेम नसतो.