सिल्व्हर सल्फाडायझीन मलम (भाजल्यावर लावतात ते) बेडकाच्या जखमेला वापरलं – ४ स्टार

"कुणाला भाजलंय?" मेडिकलवाल्यानं विचारलं. मी म्हणलं भाजलं नाय ओ, बेडकाला लावायचंय. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा काउंटरवरच्या पोराकडं बघितलं आणि गप ट्यूब काढून दिली. सोलापुरात बेडूक पाळायचा म्हणजे एवढं ऐकून घ्यावं लागतं.

तर रिव्ह्यू या मलमाचा. सिल्व्हर सल्फाडायझीन १ टक्का, पांढरं क्रीम, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, छोटी ट्यूब शंभराच्या आत. घेताना डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, कारण आपल्याकडं बऱ्याच ट्यूबमध्ये सोबत क्लोरहेक्सिडीन नावाचं जंतुनाशक घातलेलं असतं. आमच्या डॉक्टरांनी नुसतं सिल्व्हर सल्फाडायझीनवालंच आण म्हणून बजावलं होतं. मला ते तिसऱ्या दुकानात मिळालं.

पेशंट म्हणजे गोट्या. व्हाइट्स ट्री फ्रॉग, ऑस्ट्रेलियाकडचा तो जाडा हिरवा, डोळ्यांवर चरबीच्या घड्या, दिवसभर असा बसतो जसं मंगल कार्यालयात पंगत लागायची वाट बघणारे काका. फेब्रुवारीत त्याच्या नाकाच्या शेंड्यावर तुरीच्या डाळीएवढं सोललेलं दिसलं. म्हणलं होईल बरं चार दिवसात. तीन आठवडे झाले तरी तसंच, संध्याकाळी जरा खपली धरल्यासारखं वाटायचं आणि सकाळी बघावं तर परत लालभडक. डोकं फिरायची वेळ.

त्या तीन आठवड्यात मी काय काय उद्योग केले ते पण सांगतो, लाज वाटते पण सांगतो. आधी आईनं हळद लावली. आपल्या घरात जखम म्हणली की हळद, त्यात तिची चूक नाय, पण बेडकाची कातडी ओली राहायला पाहिजे आणि पावडर ती कोरडी करते, वर दोन दिवस गोट्या पिवळा. मग मी घरातलं अँटिसेप्टिक लिक्विड पाण्यात मिसळून कापसानं लावलं, तो असा उसळला की थेट पडद्यावर. लगेच साध्या पाण्यानं धुतला म्हणून वाचला. नंतर कळलं की बेडूक तोंडानं पाणी पीतच नाय, पोटाखालच्या आणि मांडीच्या कातडीतून ओढून घेतो, म्हणजे अंगावर जे लागेल ते थोडंफार आत जाणारच. म्हणून दुखणं कमी करणारी मलमं तर अजिबात नको, बेंझोकेन वगैरे. बेडकाला भूल द्यायला बेंझोकेन वापरतात आणि डोस जास्त झाला तर तो परत उठत नाय.

इथल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. माणूस प्रामाणिक. म्हणले गाय सांग, म्हैस सांग, कुत्रं सांग, बेडूक मी कॉलेजात फक्त कापलाय. फी पण घेतली नाय. त्यांनीच पुण्याच्या एक्झॉटिकवाल्या, म्हणजे बेडूक-सरडे असले वेगळे प्राणी बघणाऱ्या, डॉक्टर मॅडमचा नंबर दिला.

मग काय, सकाळची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. गोट्या प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाला भोकं, खाली ओला टिश्यू. शेजारच्या काकूंनी कुर्डुवाडीला विचारलं डब्यात काय आणलंय, मी म्हणलं पोहे. दौंडपर्यंत पोहे आतून टकटक करत होते.

मॅडमनी आधी डब्यासकट छोट्या काट्यावर वजन केलं, मांड्या आणि पोट उलटं करून बघितलं. तिथं लाली आली आणि बेडूक सुस्त पडला तर ते रेड लेग असू शकतं, एरोमोनास नावाचे जंतू रक्तात जातात, तेव्हा मलम लावत बसायचं नाय, तसाच डॉक्टरकडं पळायचं. गोट्याला तसं काय नव्हतं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, रात्री तो काय करतो? मला काय माहीत, मी झोपतो.

घरी येऊन जुना मोबाईल टाकीसमोर लावून ठेवला. रात्री दोनच्या सुमाराला हा पठ्ठ्या काचेवर उडी मारतोय, मग वर चढून झाकणाच्या तारेच्या जाळीला नाक घासतोय, परत, परत. म्हणजे मी संध्याकाळी जे काय लावायचो ते तो रात्री खरवडून काढत होता. या बेडकांच्या कातडीत स्वतःचेच जंतू मारणारे पदार्थ असतात, केरिन म्हणतात त्याला, पण रोज रात्री तारेवर नाक घासलं तर केरिन तरी काय करणार.

मग जाळीला आतून मऊ प्लास्टिकची मच्छरजाळी लावली आणि काचेच्या तीन बाजूंना जुनी सोलापुरी चादर टांगली, वरून हवा मोकळी. काच दिसेना तशा उड्या जवळजवळ बंद. जखम भरेपर्यंत त्याला वेगळ्या डब्यात ठेवला, माती नाय, लाकूड नाय, फक्त पांढरा ओला टिश्यू रोज बदलायचा, एक पाण्याची वाटी आणि लपायला प्लास्टिकचं पान. पांढराच का तर रक्त किंवा पू लागला तर लगेच दिसतो.

पाण्याचं म्हणाल तर इथं आपलं दुखणं कामाला आलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं घरात भरून ठेवलेलं असतंच. नळ आल्या आल्या जो क्लोरीनचा वास येतो ते पाणी बेडकाला अजिबात नको. मी बादलीत काढून एक दिवस उघडं ठेवतो आणि वर अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातले अँटिक्लोरचे थेंब टाकतो.

आता मलम लावायचं कसं. पावडर नसलेले हातमोजे, ते पण त्याच पाण्यात ओले करून. गोट्याला पाठीवरून धरायचा, तो हातावर मुतणार हे धरूनच चालायचं. जखमेवरचं पाणी इअरबडनं हलकं टिपायचं, दुसऱ्या इअरबडनं मलमाचा अगदी पातळ हात, नाकपुडी सोडून. थापलं की गेलं काम. दिवसातून एकदा, आणि नंतर अर्धा तास पाण्याची वाटी काढून ठेवायची. पातळ का, तर बेडूक कात टाकतो आणि ती कात खातो. एका सकाळी माझ्यासमोर त्यानं बनियन काढल्यासारखी डोक्यावरून कात ओढली आणि मलमासकट गिळली. मी घाबरून मॅडमना फोन केला, त्या म्हणल्या एवढ्याशानं काय होत नाय, पण म्हणूनच थापू नको म्हणलं होतं.

पहिला आठवडा काहीच फरक नाय, खरं सांगतो. दहाव्या दिवशी कडेची लाली उतरली. मग कडेनं गुलाबी होत आत आत भरत गेली आणि पाचव्या आठवड्यात बंद. आता फक्त फिकट ठिपका आहे. सोबत रातकिड्यांना कॅल्शियम आणि व्हिटॅमिन ए असलेली पावडर लावून देत होतो, ए कमी पडलं की कातडीच नीट भरत नाय म्हणे. एप्रिलमध्ये बाहेर ४० च्या वर गेल्यावर डबा कूलरच्या खोलीत, कारण टिश्यू तासा-दोन तासात वाळायचा आणि यांना २४ ते २९ डिग्री बरं वाटतं.

एक स्टार कशाचा कापला? मलम पांढरं असल्यामुळं खाली जखम काय करतेय ते दिसत नाय, रोज पुसून बघावं लागतं. उजेडात राहिलं की टिश्यूवर करडे डाग पडतात, मी पहिल्यांदा बघून सडलं की काय म्हणून हादरलो, ते चांदीमुळं असतं. आणि ओल्या कातडीवर टिकत नाय फार. पुण्याला न जाता, जाळी न बदलता नुसतं हे मलम लावलं असतं तर मी इथं एक स्टार देऊन मलमालाच शिव्या घातल्या असत्या.

ट्यूब अर्ध्याच्या वर उरली होती. परवा भाकरी करताना आईचं बोट तव्याला लागलं तर ती आतून ओरडली, अरे ते बेडकाचं मलम आण.