पोळ्या लाटणाऱ्या हाताचा क्लेम

माझा अपघाताचा क्लेम ज्या वकील मॅडमनी चालवला, त्यांचं नाव इथे देत नाही. वकिलांना जाहिरातीची मनाई असते आणि त्यांनीच सांगितलं, नाव टाकू नका. पण काम कसं केलं ते लिहिणार आहे, कारण मी स्वतः भलत्याच माणसाच्या कागदावर सही करता करता वाचले.

फेब्रुवारी 2023. साताऱ्याहून लग्न उरकून पुण्याला परत येत होतो. गाडी धाकट्या भावाकडे, मी मागच्या सीटवर. कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत उतारच उतार. पुढे गाड्या तुंबल्या होत्या म्हणून आम्ही थांबलो आणि मागून ट्रक आला. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी लागत नाहीत. 20 नोव्हेंबर 2022 ला याच उतारावर एका अवजड गाडीनं एका दमात कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. आमच्या वेळी तीन. माझं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, प्लेट घालावी लागली.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी एक माणूस कॉटपाशी आला. 'ताई, सगळं मी बघतो, मिळतील त्यातले तीस टक्के द्या.' कागद तयार, अंगठ्याला शाईसुद्धा, कारण हात प्लास्टरमध्ये. नणंदेनं त्याला घालवलं आणि मला शिवाजीनगर कोर्टाजवळ मॅडमकडे नेलं. भरपाईत वाटा घेणं वकिलाला नियमानंच चालत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. फी ठरली, चार हप्ते, दर वेळी पावती.

मुदतीचंही तेव्हाच कळलं. एप्रिल 2022 पासूनच्या नियमानं दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा. माझी फिजिओथेरपी चालू असतानाच मे महिन्यात तो दाखल झाला. अपघात झाला त्याच जिल्ह्यात दावा लावावा लागतो असंही नाही. त्याच धडकेतल्या दुसऱ्या कुटुंबानं आपल्या गावाजवळ, साताऱ्यात लावला.

खरं काम पुढे होतं. मी नऱ्ह्यात पोळी-भाजीचे डबे देते. इन्कम टॅक्सचा कागद नाही, पगाराची स्लिप नाही. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर अपंगत्व 18 टक्के. ट्रकची विमा कंपनी म्हणे, मग कमाईचं नुकसानही तेवढंच धरा. मॅडम एका सकाळी घरी आल्या आणि मला लाटायला सांगितलं. मी पोळपाट डाव्या हातानं फिरवत होते, लाटण्यावर जोर येत नव्हता, पाचव्या पोळीला मनगट सुजायला लागलं. त्या काही न बोलता बघत होत्या, वहीत लिहीत होत्या. अपघाताआधी मी सकाळच्या एका बैठकीत दीडशे पोळ्या करायचे. आता चाळीस, त्याही थांबत थांबत. त्यांनी समजावलं की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच स्पष्ट केलंय. मनगटाची तीच इजा शिक्षकाला वेगळी आणि पोळ्या लाटणारीला वेगळी.

मग डब्यांच्या वह्या काढायला लावल्या. दळणाच्या चिठ्ठ्या, किराण्याची बिलं, डबे लावलेल्या दोघांची साक्ष. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, 'या वह्या नंतर लिहिल्यात ना?' मी म्हटलं, साहेब, पानं बघा. हळदीचे डाग होते, आणि 2020 च्या लॉकडाऊनचे महिने कोरे. त्यांनी पानं उलटली आणि पुढचा प्रश्न घेतला.

भावानं अचानक ब्रेक मारला, असाही बचाव झाला. पंचनाम्यात ट्रकच्या ब्रेकच्या खुणाच नव्हत्या. शिवाय मी तर नुसती प्रवासी. दोन गाड्यांत चूक कुणाची किती, याचा भुर्दंड प्रवाशानं का सोसायचा, हा मॅडमचा मुद्दा.

नाराजीही लिहायला हवी. संध्याकाळनंतर त्या फोन उचलत नाहीत. एकदा ज्युनियर कागद न वाचता आला, डॉक्टरांची साक्ष पुढे गेली आणि दोन महिने फुकट गेले. मी स्पष्ट बोलले. पुढच्या प्रत्येक तारखेला त्या स्वतः उभ्या राहिल्या.

सप्टेंबर 2025 च्या लोकअदालतीत तडजोड झाली. कंपनी पाच लाखांवर अडून बसली होती, शेवटी साडेसातला आली. अपघाताच्या वेळी माझं वय 41, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला ज्यानं गुणायचं तो आकडा, 14, असं मॅडमनी पाटीवर गणित मांडावं तसं कागदावर मांडून दाखवलं. लोकअदालतीत ठरलेल्यावर पुढे अपील नसतं, तेव्हा घरी विचार करून या, म्हणाल्या. आम्ही चार दिवस घेतले. घाई त्यांनी एकदाही केली नाही. पैशांतले तीन लाख मुदत ठेवीत गेले.

कुठल्याही क्लेमच्या वकिलाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा एफआयआर, पंचनाम्याची नक्कल, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची सगळी बिलं न्या. कमाईची वही असेल तर तीही, डागाळलेली असली तरी.